दहा नंबरची थाळी

"बाई, तुम्ही फक्त चार ओळी लिहून द्या. बाकीचं मंडळ बघून घेईल."

चाळीच्या मंडळाचे पुढारी परब माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात चाळीच्या मालकांना द्यायचा अर्ज होता. चार ओळींचा नव्हता, चांगला अकरा ओळींचा होता, आणि तो लिहूनही झाला होता. माझ्याकडून हवी होती ती सही.

मी वाचला. "आमच्या चाळीतील खोली नंबर दहामधील मद्रासी इसम आपल्या पत्नीस वारंवार मारहाण करतो. त्यामुळे चाळीतील सभ्य कुटुंबांच्या मनःशांतीस बाधा पोहोचते. सबब सदर खोली खाली करवून घ्यावी. या गोष्टीस म्युनिसिपालिटीच्या नर्सबाईंचा दुजोरा आहे."

"दुजोरा मी कधी दिला, परब?"

"तोच घ्यायला आलोय ना."

"आणि खोली खाली झाली की?"

"आहे एक गरजू मराठी कुटुंब."

"कोण?"

परबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "माझा साडू आहे. डिलाईल रोडला एका खोलीत आठ जण राहतात, बाई."

ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा तिशीत होते आणि लालबागच्या बाजूला एका प्रसूतिगृहात हेल्थ व्हिजिटर होते. चाळीत सगळे नर्सबाई म्हणत, पण नर्स आणि हेल्थ व्हिजिटर यांत फरक आहे. नर्स दवाखान्यात बसते, पेशंट तिच्याकडे येतो. हेल्थ व्हिजिटर पिशवी घेऊन जिने चढते. बाळंतीण घरी गेली की मूल वर्षाचं होईपर्यंत मी तिच्या घरी जायची. पिशवीत हुकाचा वजनकाटा, काट्याला अडकवायची झोळी, गोळ्या आणि कार्डं. एका मुलाचं एक कार्ड. त्यावर तारीख, वजन, आईची प्रकृती आणि शेवटी एक रुंद रकाना, "शेरा". वजन पौंडात आणि औंसात लिहायचं. शेऱ्यात काय लिहायचं ते ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी फणसवाडीत वाढले. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. यादी केल्याशिवाय आमच्याकडे कोणी भाजीलाही गेलं नाही. तेव्हा परब गेल्यावर मी पहिलं काम केलं ते त्यांच्या चाळीची सगळी कार्डं काढून टेबलावर मांडण्याचं. चाळीत वर्षाच्या आतली सात मुलं. मी सातही कार्डांचा शेरा सलग वाचला. तसा तो मी कधीच वाचला नव्हता.

तीन नंबर : "आई न्हाणीत घसरली. मनगटाला सूज." चौदा नंबर : "आईला दाराची कडी लागली." सहा नंबर : "फळीवरचा डबा आईच्या डोळ्यावर पडला." सहाच नंबर, पुढचा महिना : "फळीवरचा डबा पडला. तोच डोळा."

सहा नंबर म्हणजे परबांची खोली.

दहा नंबरच्या कार्डावर डबा, कडी, न्हाणी यांतलं काहीच नव्हतं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "आई निष्काळजी. मुलीचं वजन घटतं आहे. यांच्या खाण्याच्या पद्धती." आणि आईच्या नावाच्या जागी "मद्रासी". पाच महिने मी त्या घरी जात होते आणि बाईचं नाव विचारलं नव्हतं. चाळीतल्या बाकीच्या सहा आयांची नावं, सासरची-माहेरची, पक्की लिहिलेली होती. परबांच्या अर्जाला हसावं तर हे कार्ड समोर होतं.

मंगळवारी मी आधी दहा नंबरला गेले.

पहिल्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाची खोली. बाईचं नाव निघालं राजव्वा, नवऱ्याचं मल्लय्या, मुलीचं लच्छी. माणसं करीमनगरकडची, तेलुगू बोलणारी. मद्रास तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. चाळीनंही पाहिलं नव्हतं. त्यामुळे चाळीला खात्री होती. मल्लय्या गिरणीत साचेवाला होता, म्हणजे मागावर कापड विणणारा. चिंचेचं सार उकळलं की गॅलरीतून "शीऽऽ" असा आवाज येई. सुकट भाजल्यावर तसा आवाज आलेला मी कधी ऐकला नाही. नळावर तिचा हंडा शेवटचा. ती पहाटे पहिली येऊन उभी राहिली तरी शेवटचा. पोरं तिला पाहून "अंडूगुंडू" करत आणि पोरांच्या आया पोरांना आवरत नसत, कारण त्यांनाही हसू येत असे.

लच्छीला झोळीत घातलं. बारा पौंड दोन औंस. मागच्या वेळी बारा पौंड नऊ होते. सहा महिन्यांची मुलगी वाढायच्या ऐवजी आटत होती.

"दूध येतं का?"

"आता है. पिलाने नै होता." तिनं पदर थोडा सरकवला. खांद्यापासून खाली पट्ट्याचे वळ होते. मूल तिथे धरलं की तिला कळ येई, ती मुलीला बाजूला करी. खाण्याच्या पद्धतींचा उलगडा झाला.

मल्लय्या पीत नव्हता. खात्यातले लोक त्याला दिवसभर अंडूगुंडू म्हणत आणि साडेतीनचा भोंगा झाला की तो घरी येऊन त्याचा वचपा काढी. हे कारण आहे, सबब नव्हे, आणि कार्डावर कारणाचा रकानाही नाही.

मी तिला परबांच्या अर्जाबद्दल सांगितलं. मला वाटलं, सुटले म्हणेल. ती घाबरली.

"रूम गया तो हमकू शिवडी लेके जाता. उसका भाईलोगां है उधर, झोपड्यां में." मग म्हणाली, "मार तो उधर भी पडता, इधर भी पडता, बाई. इधर लोगां सुनते तो सही."

"ऐकून येतात का कोणी?"

"आते नै. लेकिन सुनते. उसकू मालूम है सुनते. इसलिए मुंह पे नै मारता."

म्हणजे चाळीनं तिच्यासाठी आजवर एवढी एकच गोष्ट केली होती. ऐकणं. आणि परब तीही काढून घ्यायला निघाले होते.

मी माझ्या डायरीत तीन कामं लिहिली. एक, खोली जाऊ द्यायची नाही. दोन, मार थांबला पाहिजे. तीन, लच्छीचं वजन. तिसरं माझं, पहिली दोन कोणाची ते माहीत नव्हतं.

शेजारच्या बायकांना विचारलं. "तुम्हाला ऐकू येतं ना?"

"येता तर. पण त्येंच्या भाषेत भांडतत. आमका काय कळतला?"

"मग पट्टा कोणत्या भाषेत वाजतो?"

यावर एकीला तव्यावरची भाकरी आठवली, दुसरीला रडणारं मूल.

चौकीवर गेले. हवालदार मराठीच होता, सभ्य होता, मला खुर्ची दिली. "बाई, सगळी फोर्स तुमच्या मोर्च्यांमागे. वर हे नवरा-बायकोचं. आणि ते मद्रासी. त्यांच्यात चालतं."

"तुमच्यात?"

"काय?"

"काही नाही."

मग डॉक्टरांकडे. आमच्या मेडिकल ऑफिसर पारशी होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज असा की जन्मलेलं मूल पहिल्या हाकेला रडायचं. त्यांनी ऐकून घेतलं. "दीकरी, तुझा काम बेबीचा वजन करायचा हाय. हजबंडचा वजन करायचा नाय."

"बेबीचं वजन हजबंडमुळे घटतंय, मॅडम."

"ते पण खरा." त्यांनी चष्मा काढला. "सही मात्र करू नको. कार्डवरचा काय बी बाहेर सांगायचा नाय. नोकरी जाएल."

म्हणजे दुजोराही द्यायचा नाही आणि परबांच्या फळीवरच्या डब्याबद्दल बोलायचंही नाही. नियम बरोबर होता. आजही मी तो पाळते. पण त्या दिवशी त्या नियमाचा मला फार राग आला.

आता थाळीबद्दल सांगायला हवं. त्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी दिसली की पहिल्या चाळीतली बाई थाळीवर पळी मारायची. ते ऐकून दुसरी, मग तिसरी. दोन मिनिटांत सगळी आळी खणखणायला लागे. पोरं आत, पुरुष बाहेर, चाळीच्या दरवाजाची दिंडी बंद. या व्यवस्थेचे प्रमुख आमचे परब. कोणत्या मजल्यावर कोणी वाजवायची, कोणी दिंडी लावायची, हे त्यांनी कागदावर लिहून जिन्याखाली चिकटवलं होतं. यादी उत्तम होती. मी दोनदा थांबून वाचली होती. त्यात दहा नंबरचं नाव नव्हतं.

पुढच्या मंगळवारी राजव्वाला मी मलम दिलं आणि म्हटलं, "मारायला लागला की ओरडायचं. जोरात."

"ओरडती ना. ये लोगां हसते. अंडूगुंडू बोलते."

"मग त्यांना कळेल असा आवाज काढ."

मी एवढंच म्हणाले. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीला पितळेची थाळी टेकवलेली होती, माहेरची, काठाशी तेलुगू अक्षरं कोरलेली.

त्यानंतरच्या मंगळवारी चारच्या सुमाराला मी सहा नंबरमध्ये परबांच्या धाकट्याला झोळीत घालत होते. परब जेवून दाराशी सुपारी कातरत बसले होते. त्यांची बायको शेवंताबाई डाव्या डोळ्यावर पदर ओढून बसलेली.

"पुन्हा डबा?" मी हळूच विचारलं.

"फळी ढिली असा," ती म्हणाली.

मी फळीकडे पाहिलं. फळीवर गणपती, घड्याळ आणि परबांच्या चळवळीच्या पावत्या. डबा नव्हता.

एवढ्यात वरून थाळी सुरू झाली. खण खण खण खण. थांबायचं नाव नाही. परबांनी अडकित्ता टाकला. "पोलीस!" ते ओरडले, आणि यादीप्रमाणे सगळं झालं. तीन नंबरवालीनं थाळी उचलली, चौदा नंबरवालीनं उचलली, समोरच्या चाळीनं धरली. दिंडी लागली. झोपलेले रातपाळीवाले बनियनवर बाहेर आले. चाळीस-पन्नास माणसं गॅलरीत आणि खाली, हाताला लागेल ते घेऊन. झोळीतलं मूल काट्यासकट माझ्या हातात लोंबत राहिलं.

"गाडी खंय?"

"गल्लीत तर नाही."

"मग वाजवली कोणी?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. दहा नंबरचं दार उघडं होतं. दारात राजव्वा, केस सुटलेले, एका हातात थाळी, दुसऱ्या हातात पळी. तिच्यामागे मल्लय्या, हातात पट्टा. पन्नास माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्याला कळलं आणि त्यानं पट्टा पाठीमागे लपवला. मार खाणाऱ्या पोराचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला होता. मारताना पकडलेल्याचा पहिल्यांदाच पाहत होते.

परब जिना चढून गेले. मूल शेवंताबाईकडे देऊन, काटा हातात तसाच घेऊन मीही गेले. संतापानं त्यांचा आवाज चिरकला होता.

"ही थाळी महाराष्ट्राची आहे! घरगुती भांडणाला वाजवायची नाही!"

राजव्वा म्हणाली, "थाली मेरी है. माँ ने दी."

चाळीतली तरणी पोरं मात्र खुशीत आली. पोलीस नाहीत तर नाहीत, हात शिवशिवत होतेच. "मद्राशाला हाणा रे! बायकोवर हात टाकतो साला!" दोघे-तिघे पुढे झाले. मल्लय्या भिंतीला चिकटला. मी मध्ये उभी राहिले, पण माझ्यासारखी पाच फुटी बाई आणि एक वजनकाटा यांच्यानं कोण थांबतंय?

थांबवलं शेवंताबाईनं. ती केव्हा वर आली ते मला कळलं नाही. पदर डोळ्यावरून खाली आला होता. डोळा जांभळा, सगळ्यांच्या समोर.

"मारा तेका," ती म्हणाली. "पण आधी माका सांगा, मद्रासी म्हणून मारतास, काय बायलेक मारल्यान म्हणून?"

"बायकोला मारलं म्हणून, काकी!"

"मगे थांबा. रांग लावूक होयी."

तीन नंबरवाली आणि चौदा नंबरवाली आपापल्या थाळ्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. पोरांपैकी एकानं आपल्या बापाकडे पाहिलं. बाप गिरणीच्या चिमणीकडे बघू लागला. मग हळूहळू सगळ्यांना कामं आठवली.

परब मात्र हरणारा माणूस नव्हता. रविवारी सकाळी चाळीच्या चौकात त्यांनी सभा लावली. ठराव दोन. पहिला, थाळीचा गैरवापर होऊ नये. दुसरा, दहा नंबर खाली करावा. मला निरोप आला, "दुजोरा घेऊन यावे."

शनिवारी मी डॉक्टरांसमोर उभी राहिले. "मॅडम, एका खोलीची माहिती तेवढी वेगळी काढून देता येत नाही, द्यायची तर वरिष्ठांच्या परवानगीनं सगळ्या चाळीचा तक्ता एकदम द्यावा लागतो, असा आपला एक नियम आहे ना?"

"असा रूल नाय."

"नाही?"

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. मग समोरचा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, खाली सही करून शिक्का मारला. "आता हाय."

सभेत मी तो कागद वाचून दाखवला आणि सातही कार्डं, उलटी, मांडीवर ठेवली. "परब, मंडळानं तसा लेखी अर्ज द्यावा. परवानगी आली की सातही खोल्यांचा शेरा देते. सभेत वाचायचा की नुसता मालकांना पाठवायचा, तेही अर्जात लिहा."

"आम्हाला फक्त दहाचा पाहिजे."

"तसं मिळत नाही. नियम आहे."

"बाकीच्यांच्या शेऱ्यात काय आहे?"

"ते मी सांगू शकत नाही. तोही नियम आहे. घरी विचारा."

वरच्या गॅलरीत बायका कठड्याला टेकून उभ्या होत्या. खाली पुरुष चटईवर. शेवटी चौदा नंबरचे आबा, वयानं सगळ्यात मोठे, खाकरले. त्यांच्या घरची कडी माझ्या कार्डावर होती. म्हणाले, "मला वाटतं, दहा नंबरचा विषय तहकूब करावा. त्याऐवजी चाळीतल्या फळ्या, कड्या आणि न्हाणीच्या फरश्या मालकांनी दुरुस्त कराव्यात, असा ठराव आणू. बायामाणसांना फार लागतं हल्ली."

ठराव एकमतानं पास झाला. परबांनी स्वतः अनुमोदन दिलं. पंधरा दिवसांनी सुतार आला आणि त्यानं सगळ्या फळ्या ठोकून पाहिल्या. एकही ढिली नव्हती.

थाळीच्या गैरवापराचा ठराव मांडायचा राहून गेला. त्यामुळे गैरवापर सुरू झाला. मल्लय्यानं पट्टा काढण्याआधी थाळी लपवली, तर तीन नंबरवालीनं राजव्वाला आपली जुनी परात देऊन ठेवली. तिचा आवाज जास्त मोठा. पुढच्या महिन्यात थाळी वाजली ती तीन नंबरमध्ये. मग एकदा चौदामध्ये. दर वेळी यादीप्रमाणे दिंडी लागे, माणसं गोळा होत, पोलीस नसत आणि एक पुरुष दारात उभा सापडे. रातपाळीवाल्यांची झोपमोड होऊ लागली तेव्हा तेच इतर नवऱ्यांना दम द्यायला लागले. तत्त्वासाठी कोणी उभं राहिलं नव्हतं, झोपेसाठी राहिले. मला चालणार होतं.

सहा नंबरची थाळी सगळ्यात शेवटी वाजली. मी तिथे नव्हते. राजव्वानं सांगितलं की पहिली धावत खाली ती गेली, परात घेऊन.

मार बंद झाला असं मी लिहिणार नाही. कमी झाला. दहा नंबरमध्ये पट्टा थांबला, हात मधूनमधून उठत राहिला, तोही शेजारी जागे आहेत ना हे बघून. खोली राहिली. लच्छी वर्षाची झाली तेव्हा तिचं वजन सतरा पौंड चार औंस भरलं आणि मी तिचं कार्ड बंद केलं. बंद करण्याआधी "मद्रासी" खोडून राजव्वाचं नाव लिहिलं, "आई निष्काळजी" खोडून बाजूला सही केली. नळावर मात्र तिचा हंडा शेवटचाच राहिला. हळदीकुंकवाला तिला त्या वर्षी बोलावलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मार वाटून घेतला तरी तीळगूळ वाटायला चाळ तयार नव्हती.

पुढे राज्य झालं. त्या सकाळी मी कामाला आले तर आळीत थाळ्यांचा कल्लोळ चाललेला, या वेळी आनंदाचा. गुलाल, पेढे, परब डोक्याला फेटा बांधून नाचताहेत. पहिल्या मजल्यावर मल्लय्या दाराबाहेर आला. झोपेतून उठलेला, गोंधळलेला. थाळ्या ऐकून त्यानं दोन्ही हात वर केले, रिकामे, आणि खाली जमलेल्या सगळ्यांना दाखवत म्हणाला, "मैं नै! मैं नै!"

चाळ पोट धरून हसली. मीही हसत होते. मग माझं लक्ष गेलं की चौदा नंबरच्या आबांचा मुलगाही आपल्या दारात येऊन उभा होता. हात त्यानं वर केले नव्हते, पण दोन्ही दिसतील असे कठड्यावर ठेवले होते.

मी इतकी वर्षं या कामात काढली आणि नव्या मुलींना ट्रेनिंग देताना एक गोष्ट सांगते. आपल्याला लागलंय म्हणून ओरडणारीकडे वस्ती बघत नाही, त्यातून ती परमुलखातली असेल तर मुळीच नाही. वस्ती स्वतःच्या कामासाठी कोणत्या आवाजाला धावते ते आधी शोधून काढा, आणि बाईच्या हाताशी तेवढं भांडं आहे ना, ते बघून या. शेऱ्याच्या रकान्यात मी हल्ली तेच पहिलं लिहिते.